प्रसंग एक, तक्रारी दोन

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या आंतरधर्मीय कार्यालयात मी नोकरी करते. निम्मा वेळ हॉलची आरक्षणं, कुणाला जेवणात काय चालत नाही याचे तक्ते आणि नावाचे बिल्ले यांतच जातो. बाहेरच्यांना पटत नाही, पण या कामाला नेमाने येणारी बरीच मुलं कुठलाच धर्म न मानणारी असतात. आमचा नोंदणी अर्ज मात्र अजूनही त्यांना 'इतर'मध्ये ढकलतो. प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या २०२३च्या पाहणीनुसार अमेरिकेतले सुमारे २८ टक्के प्रौढ कुठल्याच धर्माशी नातं सांगत नाहीत, आणि त्यातले बहुसंख्य स्वतःला नास्तिकही म्हणवत नाहीत. 'विशेष असं काही नाही' म्हणतात. एवढी माणसं 'इतर'! रकाना बदला म्हणून मागे लागले, तर उत्तर येतं, पुढच्या सत्रात बघू.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा आमच्या धावपळीचा. संयुक्त राष्ट्रांनी २०१०मध्ये ठराव करून तो आंतरधर्मीय सलोख्यासाठी राखून ठेवला. त्या ठरावात 'देवावर आणि शेजाऱ्यावर प्रेम' याच्या जोडीला 'चांगुलपणावर आणि शेजाऱ्यावर प्रेम' असाही पर्याय आहे. देव न मानणाऱ्यालाही त्यामुळे आत यायला वाट राहते. आमच्या भित्तिपत्रकावर दरवर्षी पहिलाच पर्याय छापला जातो. यंदा मी हट्टाने दोन्ही छापून घेतले.

त्या शनिवारी कोरड्या शिध्याची पाकिटं भरायची होती. पगडी, हिजाब, मोकळे केस, सगळ्यांवर जाळीच्या टोप्या. नरसाळ्यातून आधी जीवनसत्त्वांची पुडी, मग सोया, वाळवलेल्या भाज्या आणि शेवटी तांदूळ. तांदूळ शेवटी अशासाठी, की वजन जुळवताना चिमूटभर कमीजास्त तोच करायचा. पाकीट सील करताना कडेला एक दाणा जरी अडकला, तरी ते फुटतं. वजनकाट्यावर संगणकशास्त्राचा एक मुलगा होता. तो प्रत्येक पाकिटाची कड बोटाने चाचपून मगच सीलवाल्याकडे सरकवायचा. जनसंपर्क विभागाचा छायाचित्रकार आला आणि त्याने त्यालाच 'जरा बाजूला होतोस?' म्हटलं. फोटोत धर्म दिसायला हवा ना! या मुलाकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

काम आटोपल्यावर आठ-आठ जणांची वर्तुळं बसतात. प्रत्येकाने फक्त स्वतःपुरतं बोलायचं, दुसऱ्याला खोडायचं नाही. प्रश्न छापील: 'तुमच्या परंपरेतलं काय तुम्हाला इथे घेऊन आलं?' एक ख्रिस्ती मुलगी म्हणाली, देवाने तिच्या आईला आजारातून उठवलं, त्या ऋणातून ती आली. पुढची पाळी त्या मुलाची. तो म्हणाला, "माझ्या भावासाठी आम्हीही प्रार्थना केली होती. तो गेला. लोक म्हणाले, देवाची इच्छा. त्या वाक्याचा मला अजून राग येतो. मी इथे आलो, कारण भूक ही कुणाची इच्छा नसते."

कुणी कुणाला खोडलं नव्हतं. नियम तंतोतंत पाळला गेला होता, आणि तरी वर्तुळ गोठलं. वर्तुळ चालवणारा विद्यार्थी शिकवल्याप्रमाणे पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात ती मुलगीच म्हणाली, "थांब. मला त्याला काही विचारायचंय." तिने भावाचं नाव विचारलं. मग ती दोघं बोलत राहिली. बाकीचे आधी अवघडून आणि नंतर कान देऊन ऐकत होते. हॉल रिकामा करायची वेळ टळून गेली, राखणदार दोनदा डोकावला.

सोमवारी दोन तक्रारी आल्या. तिच्या गटाच्या सल्लागाराचं म्हणणं, आमच्या मुलीच्या श्रद्धेवर हल्ला झाला. निधर्मी विद्यार्थ्यांच्या मंडळाचं म्हणणं, श्रद्धाळूंच्या आत्मिक प्रगतीसाठी आमच्या पोराचं दुःख चव्हाट्यावर आणलं. दोन्ही तक्रारदार त्या वर्तुळात नव्हते. जे होते, त्यांच्यापैकी कुणाचीही तक्रार नाही. मंडळाच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, आणि मला तेच जास्त टोचतं. श्रद्धाळू मुलाला आम्ही 'तुझी परंपरा सांग' म्हणतो, तेव्हा त्याच्यापाशी सण असतात, ग्रंथ असतात, आजीची शिकवण असते. न मानणाऱ्याने काय सांगायचं? बहुतेक मुलं 'माणुसकी' म्हणून मोकळी होतात आणि आम्हालाही हायसं वाटतं. ज्याला खरं उत्तर द्यायचं असतं, त्याला स्वतःची जखमच उघडी करावी लागते.

आमचे संचालक भले गृहस्थ, पण तक्रार म्हटली की हातपाय गाळणारे. हार्वर्ड विद्यापीठातल्या चॅप्लेन (विद्यार्थ्यांना आध्यात्मिक आधार देणारे धर्मसेवक) मंडळींनी २०२१मध्ये एका मानवतावादी, देव न मानणाऱ्या चॅप्लेनला आपला अध्यक्ष निवडलं, हे ते प्रत्येक भाषणात अभिमानाने सांगतात. आता म्हणतात, पुढच्या वर्षी वर्तुळं नकोत, नुसती पाकिटं भरू. थोडक्यात, निधर्मी मुलांचे हात हवेत, तोंड नको.

मी लेखी विरोध नोंदवलाय. प्रश्नही बदलून दिलाय: 'आज इथे का आलात? सांगावंसं वाटेल तेवढंच सांगा.' मसुदा त्या दोघांना आधी दाखवला. मुलाने 'चालेल' लिहिलं. मुलीने मात्र कळवलं की तिला जुनाच प्रश्न बरा वाटतो, कारण नव्यात कुणीही सहज निसटून जाईल. तिचंही खोटं नाही. संचालकांकडे जुना आणि नवा, दोन्ही प्रश्न पाठवलेत.