नेपल्सला क्रूझ थांबते तेव्हा: एक दिवस, पॉम्पेई आणि आपल्याकडची एक मूर्ती

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर नेपल्सचा थांबा असला की जहाजावर सगळ्यांची एकच चर्चा असते: काप्री करायचं, अमाल्फीचा किनारा करायचा की ज्वालामुखीने गाडलेलं प्राचीन पॉम्पेई? बरेच जण म्हणतात, दोन तरी उरकूया. माझं मत ठाम आहे. उरकायला जाऊ नका. पॉम्पेई बघा आणि मग शहरातलं पुरातत्त्व संग्रहालय बघा, याच क्रमाने. पॉम्पेईच्या उत्खननात सापडलेल्या नाजूक आणि मोलाच्या वस्तू फार पूर्वीपासून नेपल्सच्या संग्रहालयात आणून ठेवल्या आहेत. आधी घरं पाहिली की मग त्या घरांतलं सामान बघताना ते कुठलं, कोणाचं हे आपोआप उलगडत जातं.

आखणी आम्ही उलटीकडून केली. साडेपाचपर्यंत जहाजावर परत यायचं होतं, म्हणून साडेचारला बंदरात पोचायचंच असं धरलं आणि तिथून मागे मागे येत दिवस मांडला. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी थांबत नाही. त्यामुळे हा तास खर्ची घालायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. आणखी दोन गोष्टी निघण्याआधी बघाव्यात. संग्रहालय मंगळवारी बंद असतं. आणि पॉम्पेईत नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 माणसांचीच मर्यादा आहे, तिकिटावर नाव असतं, तेव्हा तिकीट घरूनच काढावं आणि ओळखपत्र सोबत ठेवावं.

नेपल्सचं बंदर शहराच्या अगदी कुशीत आहे. बाहेर पडलं की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला, आणि चालत काही मिनिटांवर म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन. तिथून गारिबाल्दी, आणि गारिबाल्दीहून सोरेंतोकडे जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना लोकल. ही गाडी साधी, उन्हाळ्यात तापलेली आणि गच्च भरलेली असते. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्याला त्याचं काही वाटणार नाही, फक्त पाकीट पुढच्या खिशात ठेवा. साधारण चाळीस मिनिटांत ‘पॉम्पेई स्कावी’ येतं, आणि प्रवेशद्वार स्टेशनच्या समोरच आहे.

नऊला दार उघडलं तेव्हा आम्ही आत होतो. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेलं हे रोमन शहर 66 हेक्टरांवर पसरलंय आणि त्याचा सुमारे तिसरा भाग अजून खणलेलाच नाही. सगळं बघायचा अट्टहास सोडला आणि व्हिया देल’आब्बोंदान्त्सा हा एक मुख्य रस्ता धरून निवांत चाललो. फरसबंदीत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या बोटभर खोल. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड, दोन दगडांमधली फट नेमकी चाकं जातील एवढी. चौकातल्या पाण्याच्या हौदाशी मी बराच वेळ थांबले. तोटीकडे वाकताना हात टेकायची जी जागा, तिथली दगडी कड झिजून खोलगट झाली आहे. मी तिथे तळवा ठेवला, तो बरोबर बसला.

याच रस्त्यावरच्या एका घरात 1938 साली एक हस्तिदंती मूर्ती सापडली, पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात. त्या घराला आता भारतीय मूर्तीचं घर असंच म्हणतात. पॉम्पेईला यायचं माझं खरं कारण हेच होतं.

दुपारी परत गारिबाल्दी, उभ्याउभ्या दुमडून खायचा पिझ्झा, आणि मेट्रोने थेट ‘म्युझेओ’ स्टेशन. संग्रहालयाच्या ‘गुप्त दालनात’, रोमन शृंगारिक कलेच्या सोबतीने, ती मूर्ती काचेत उभी आहे. वीतभरापेक्षा थोडी उंच. हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जड तोडे, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी. डोक्यावरून आरपार भोक आहे, त्यामुळे ती एखाद्या आसनाचा किंवा आरशाचा भाग असावी असं अभ्यासक मानतात. आधी तिला लक्ष्मी म्हणत, आता यक्षी म्हणतात. पण मला सगळ्यात भिडलं ते हे की तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात, धाराशिवजवळच्या तेरला आणि जालन्याच्या भोकरदनला सापडल्या आहेत. तेर म्हणजे त्या काळचं व्यापारी शहर तगर. पैठण आणि तगरचा माल भडोच बंदरात उतरायचा, तिथून जहाजाने पश्चिमेला. ही मूर्ती नेमकी कुठल्या गावात घडली याबद्दल मतभेद आहेत, पण तेर पाहिलेल्या माणसाला तिचे दागिने परके वाटत नाहीत. आपल्या इथल्या फार कमी लोकांना ती माहीत आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चारला बाहेर पडलो, म्युझेओहून म्युनिचिपिओ तिसरं स्टेशन, ठरल्या वेळेआधी बंदरात.

सोबत वयस्कर आईवडील असतील तर पॉम्पेईऐवजी त्याच लोकलवर अलीकडे लागणारं एर्कोलानो निवडा. तेही त्याच उद्रेकात गाडलं गेलं, पण आवाका लहान, चालणं कमी, आणि काही घरांचे वरचे मजले अन् जळून कोळसा झालेलं लाकूडसामान अजून जागेवर आहे. स्टेशनपासून उताराने दहा मिनिटं. येताना मात्र तोच चढ लागतो, तेव्हा परतीला टॅक्सी करा.