हलकं मॅग्नेट बसवलं आणि आयटीची खूण खोटी पडली

बेळगावातल्या वडगावहून येळ्ळूरला जायचं आणि तिथनं राजहंसगडाचा चढ मारायचा, ही माझी गाडी तपासायची पद्धत. गाडीला काहीही केलं, कार्बोरेटर साफ केला, क्लच प्लेट टाकल्या, की तो चढ. गाडी म्हणजे एलएमएल एनव्ही, १५० सीसी, बाबांची. तर गेल्या महिन्यात हलकं मॅग्नेट बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी चढाला लागलो, अर्ध्यात आल्यावर सायलेन्सरच्या आवाजाखालनं एक बारीक आवाज यायला लागला, पत्र्यावर पाऊस सुरू होताना पहिले चार थेंब पडतात तसा. थ्रॉटल सोडला की बंद, दिला की परत. मी तिथंच गाडी बाजूला लावली आणि गार होईपर्यंत बसून राहिलो.

मॅग्नेट म्हणजे फ्लायव्हील. आपल्याकडं कुठल्याही गॅरेजमध्ये फ्लायव्हील म्हटलं तर कारचं समजतात, स्कूटरचं ते मॅग्नेटच. स्कूटरच्या या एका चाकावर तीन कामं असतात. वजनानं इंजिन फिरत ठेवायचं, आतल्या चुंबकांनी कॉइलमध्ये करंट तयार करायचा, आणि अंगावरच्या पंख्यानं सिलिंडरला हवा द्यायची. हलकं चाक घेताना मी फक्त पहिल्या कामाचा विचार केला होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दोन्ही चाकं काट्यावर ठेवून बघितली (दुकानदार म्हणाला हे काय भावानं द्यायचं), जुनं २ किलो ३५० ग्रॅम, नवीन १ किलो ६५०. सातशे ग्रॅम कमी, मी खूश.

बसवायला मामांच्या गॅरेजला गेलो होतो. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, टिळकवाडीत सगळेच त्यांना मामा म्हणतात, टू स्ट्रोकवर चाळीस वर्षं हात काळे केलेला माणूस. पुलर लावून जुनं काढलं, टेपर (क्रँकचं निमुळतं टोक, त्यावर चाक बसतं) पुसला, चावी (चाकाची जागा ठरवणारा खाचेतला लोखंडी तुकडा) बसवली, नवीन चढवलं, नट आवळला. मी म्हटलं मामा टायमिंग (म्हणजे ठिणगी पडायची वेळ)? ते म्हणाले, "कॉइल प्लेटला हातच लावला न्हाई की रे, खूण बसलीय तिथंच हाय. आणि काय पाहिजे तुला?"

खूण खरंच बसलेली होती. मॅग्नेटच्या आत कॉइल बसवलेली थाळी असते ती कॉइल प्लेट, माझ्या प्लेटवर ए आणि आयटी अशा दोन खुणा आहेत, केसिंगवर एक. आयटी जुळवली की १८ अंश, ए जुळवली की २३ अंश, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या इतके अंश आधी ठिणगी. व्हेस्पा पीएक्स घराण्यातल्या (माझी एनव्ही त्यातलीच) १२५-१५० सीसीला १८ आणि २०० सीसीला २३, असा तो हिशोब. माझी आयटीवर होती, अगदी केसाला केस.

पण मी त्या चढावर बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की ती खूण प्लेट कुठं आहे एवढंच सांगते. ठिणगी कधी पडणार ते ठरतं चुंबक पिकअप कॉइलसमोरनं (प्लेटवरची, ठिणगीचा इशारा देणारी कॉइल) कधी जातो त्यावर, आणि चुंबक प्लेटवर नाहीत, चाकात आहेत. चाक क्रँकवर कसं बसतं ते चावीच्या खाचेवरनं ठरतं. म्हणजे खाच आणि चुंबक यांच्यातला कोन जुन्या चाकात जेवढा होता तेवढाच नवीन चाकात असेल तरच आयटीची खूण खरी. नाहीतर ती खूण जुन्या चाकाबरोबर फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेली. जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० सारख्या गाडीचं वेगळं असतं, तिथं ठिणगीचं गणित डिस्ट्रिब्युटरमध्ये, फ्लायव्हील बदललं म्हणून टायमिंग हलत नाही. स्कूटरला चाक हेच घड्याळ.

मामांना हे सांगितलं तर ते हसले, "एवढा फरक कशाला ठेवतील ते", पण नको म्हणाले नाहीत, जुना प्लग आणि एक बोल्ट काढून दिला.

आता मुख्य काम, पिस्टनचं खरं वरचं टोक शोधायचं. बरेच जण प्लगच्या भोकातनं स्क्रू ड्रायव्हर घालतात आणि तो वर यायचा थांबला की म्हणतात झालं टॉप. यात मोठी फसगत आहे. या इंजिनाचा स्ट्रोक ५७ मिमी, कनेक्टिंग रॉड १०५ मिमी, यावरनं मी हिशोब करून बघितला, वरच्या टोकापासून क्रँक ५ अंश फिरला तरी पिस्टन खाली येतो फक्त ०.१४ मिमी. तेवढं स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीवर बोटाला काय कळणार? आणि आपण भांडतोय ५-६ अंशांसाठीच. डायल गेज (बारीक सरकणं मोजायचं काट्याचं माप) लावायचा तर १८ अंशाला पिस्टन साधारण १.७६ मिमी खाली असतो, २३ ला २.८६, पण या हेडात प्लग तिरका बसतो त्यामुळं प्लगच्या भोकातनं गेज घातला तर माप तिरकं येणार, त्यासाठी हेड उतरवावं लागतं. मला हेड उतरवायचं नव्हतं.

म्हणून पिस्टन स्टॉप. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली, राहिलेल्या १४ मिमीच्या आट्यांच्या नळीत बोल्ट घालून उद्यमबागेतल्या एका मित्राकडनं वेल्ड करून आणला, टोक कानशीनं गोल केलं नाहीतर पिस्टनला खड्डा. (बेळगावात राहायचा हा फायदा आहे, असलं काही करून घ्यायला कुठं लांब जावं लागत नाही, फौंड्री, लेथ, ग्राइंडिंग सगळं एका चहाच्या अंतरावर, आणि पैसे विचारले तर तो म्हणतो कुंदा आण.) हा स्टॉप प्लगच्या जागी बसवायचा. मग चाक हातानं, हळू, किकनं अजिबात नाही, घड्याळाच्या दिशेनं फिरवायचं, पिस्टन बोल्टला टेकला की थांबायचं आणि केसिंगवर आपण मारलेल्या रेघेसमोर चाकावर एक खूण करायची. मग उलट फिरवत आणायचं, परत टेकेल, तिथं दुसरी खूण. या दोन खुणांमधला जो लहान तुकडा आहे त्याचा बरोबर मध्य म्हणजे वरचं टोक. बोल्ट किती आत आहे, प्लग तिरका आहे, कशाचाच संबंध येत नाही, दोन्ही बाजूंनी तीच चूक होते आणि मध्यात ती मारली जाते. मला हे फार आवडलं, दोनदा परत परत करून बघितलं, गरज नसताना.

मग १८ अंश कसे मोजायचे. डिग्री डिस्क, म्हणजे अंश मोजायची चकती, माझ्याकडं नाही. पण ३६० भागिले १८ म्हणजे बरोबर २०! चाकाच्या कडेला कागदाची पट्टी गुंडाळली, टोकाला टोक आलं तिथं कापली, लांबी भरली ५८ सेंटीमीटर. भागिले २०, म्हणजे २९ मिमी. झालं, चाकाच्या कडेवर २९ मिमी म्हणजे १८ अंश. तुमच्या चाकाचा घेर वेगळा असेल तर तुमचा आकडा वेगळा येईल, पण २० नं भागायचं तेवढं पक्कं.

इथं मी एक माती खाल्ली. ही १८ अंशांची, म्हणजे ठिणगीची खूण टॉपच्या कुठल्या बाजूला करायची? मी पहिल्यांदा मागं केली. चाक घड्याळाच्या दिशेनं फिरतं, ठिणगीची खूण केसिंगच्या रेघेसमोर आधी यायला पाहिजे आणि टॉपची नंतर, म्हणजे ठिणगीची खूण फिरण्याच्या दिशेनं पुढं. चाक हातानं फिरवून बघितल्यावर आधी टॉप येऊन गेला आणि मग ठिणगी, तेव्हा डोक्यात उजेड पडला. पुसून परत केली. टॉपची पांढरी, ठिणगीची पिवळी, नखाला लावायच्या रंगानं, आता बहिणीला नवीन बाटली द्यायची आहे.

टायमिंग लाइट म्हणजे स्ट्रोब, ते मामांकडं होतं पण त्याला १२ व्होल्टची बॅटरी लागते, शेजारच्या काकांची कार जवळ घेतली. क्लिप प्लगच्या वायरवर, गाडी चालू, लाइट चाकावर. दर ठिणगीला लाइट एकदा लुकलुकतो आणि पळणारं चाक जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं. एक सांभाळायचं, मॅग्नेटचं कव्हर काढलेलं असतं तेव्हा पंख्याची हवा सिलिंडरकडं न जाता सगळीकडं उधळते, त्यामुळं मिनिटभर बघायचं आणि बंद करायचं, गार होऊ द्यायचं, परत. गप्पा मारत लाइट धरून बसायचं नाही. आणि शर्टाची बाही, केबल, काही चाकाजवळ लोंबू द्यायचं नाही.

तर लाइटात काय दिसलं, पिवळी खूण रेघेपर्यंत पोचलेलीच नाही, साधारण एक सेंटीमीटर अलीकडंच लुकलुकतेय. ५८ सेंटीमीटर भागिले ३६०, म्हणजे एका अंशाला १.६ मिमी, एक सेंटीमीटर म्हणजे सहा अंश. आयटीवर प्लेट असून ठिणगी १८ ला नव्हे, २४ च्या आसपास पडत होती. मामा वाकून बघायला लागले, चष्मा वर केला, परत खाली केला. "च्यायला."

सहा अंश ऐकायला काही वाटत नाही. पण ठिणगी इतकी आधी पडली की पिस्टन अजून वर येत असताना वरनं दाब बसतो, उष्णता वाढते, उरलेलं मिश्रण आपसूक पेटतं, तोच तो पत्र्यावरचा पाऊस. असंच चालवत राहिलं तर एक दिवस पिस्टनच्या डोक्याला भोक. दोन दिवस किक पण उलटी मारत होती, नडगीवर निळं पडलं होतं, आणि मी समजत होतो हलक्या चाकाचं असंच असतं. तेही थोडं खरं आहे, चाक हलकं असलं की लवकर पडलेल्या ठिणगीला ढकलून पुढं न्यायला वजनच नसतं. पण मूळ दुखणं टायमिंगचं.

सुधारायचं सोपं आहे. चाक परत पुलरनं काढायचं, कॉइल प्लेटचे तीन स्क्रू ढिले करायचे, प्लेट चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं सरकवली की ठिणगी उशिरा, उलट सरकवली की लवकर. मी घड्याळाच्या दिशेनं सरकवली, आणि शेवटचे दोन अंश राहिले असताना स्क्रूच्या फटी संपल्या! गोल कानस घेऊन तिन्ही फटी थोड्या थोड्या वाढवल्या, भुसा वायरिंगमध्ये पडणार नाही असं फडकं लावून. तीनदा चाक काढलं घातलं. प्रत्येक वेळी टेपर दोन्हीकडनं पेट्रोलनं पुसून कोरडा, कारण चाक धरून ठेवतो तो टेपर, चावी फक्त जागा दाखवते. नट ढिला राहिला तर चावी कातरली जाते, चाक क्रँकवर सरकतं आणि मग टायमिंग कुठल्या कुठं. ६० ते ६५ न्यूटन मीटर, टॉर्क रेंचनं. मामा हातानंच आवळतात आणि त्यांचा हात चुकत नाही, माझा चुकतो.

शेवटी पिवळी खूण रेघेवर. रेस वाढवली की ती दीड-एक अंश उशिराकडं सरकते, माझ्यात तरी, म्हणून आयडलवर न जुळवता मधल्या रेसवर १८ धरला. आणि कॉइल प्लेटवर नवीन जागेला छिन्नीनं बारीक रेघ मारली, म्हणजे पुढच्या वेळी कोणी उघडली तर आयटीला जुळवून मोकळं होणार नाही.

मग परत येळ्ळूर. आवाज नाही. किक गुमान. प्लग काढला तर मातीच्या कौलाचा रंग, जसा पाहिजे तसा.

आता हलकं चाक कसं वाटतं, कारण सगळे तेच विचारतात. रेस पटकन चढते, गिअर बदलताना मजा येते, पण ताकद एका पैशानं वाढलेली नाही. आमच्या काकांचं खानापूरकडं गुऱ्हाळ होतं, फटफट इंजिनावरचं, त्याला माणसाच्या छातीएवढं चाक. जाड ऊस एकदम चरकात गेला तरी इंजिन दबत नव्हतं, त्या चाकात साठवलेला जोर ऊस ओढून न्यायचा. स्कूटरचं तसंच, डबल सीट घेऊन चढाला लागलो की पहिल्यापेक्षा लवकर दबते, आधी जिथं तिसऱ्यावर रेटायची तिथं आता दुसरा टाकायला लागतो. आयडल पण थोडा वर ठेवलाय नाहीतर पहिल्या रेल्वे गेटला थांबलं की बंद पडते. आणि नवीन चाकाच्या पंख्याची पाती बुटकी आहेत, त्याची मला जास्त काळजी आहे, मार्च एप्रिलमध्ये बघायचं काय होतं ते.

गोव्याला जायचं ठरतंय जांबोटी-चोर्ला मार्गे, बायको मागं, सामान पुढं. त्या दिवशी जुनंच चाक घालणार आहे, आणि प्लेट परत आयटीवर, त्या चाकाला ती खूण खरी आहे. मामांनी परवा फोन केला होता, "काय करुलालास? तो तुझा बोल्टवाला प्लग घेऊन ये, इथं एक दोनशे सीसी आलीय, तिलाबी बाहेरचं मॅग्नेट घातलंय आणि किक मारायला कोण तयार न्हाई."