शेंगझचं रेशीमदेऊळ आणि नाटकातले वर्ज्य शब्द

रोहिणी लागायच्या चार दिवस आधी, साधारण २१ मेला, चिनी पंचांगात ‘श्याओमान’ लागतो. वर्षभराच्या २४ पर्वांतलं हे ८वं. नावाचा अर्थ ‘थोडं भरलं’, म्हणजे दाणा भरू लागलाय पण पिकलेला नाही. यांगत्से नदीच्या दक्षिणेला म्हण आहे की श्याओमानला तीन चाकं फिरू लागतात: पाण्याचं, तेलघाण्याचं आणि रेशमाचं.

चीनमधल्या सूचौ शहराच्या दक्षिणेला, वूच्यांग भागात, शेंगझ हे रेशमाचं जुनं गाव आहे. तिथल्या रेशीम व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, १८२७ मध्ये जी वास्तू बांधली, तिचं अख्खं वर्ष या एका दिवसाभोवती फिरायचं. नाव श्येनत्सान मंदिर, म्हणजे रेशीमकिड्यांच्या आद्य देवतेचं देऊळ. आत पुराणातला सम्राट ह्वांगदी, शेतीचा देव शेननोंग आणि रेशीम शोधल्याचं श्रेय जिला देतात ती लेइत्झू. देऊळ असलं तरी ते धंद्याच्या संघटनेचं घर होतं. चीनमध्ये अशा वास्तूंचे ढोबळ दोन प्रकार: ‘ह्वेइग्वान’ परगावाहून आलेल्या एका मुलखातल्या लोकांचं, तर ‘गोंगस्वो’ एका धंद्यातल्या लोकांचं. शेंगझमध्ये रेशीम खरेदीला येणाऱ्या शानतुंगच्या व्यापाऱ्यांचं ह्वेइग्वानही होतं. श्येनत्सान मंदिर मात्र गोंगस्वोच्या जातीचं.

दरवाजाच्या इमारतीच्या पाठीला रंगमंच जोडलेला आहे. त्याचं तोंड गाभाऱ्याकडे, कारण पहिला प्रेक्षक देव. मधला चौक माणसांसाठी. श्याओमानच्या सुमाराला इथे श्रेणीच्या खर्चाने तीन दिवस नाटकं व्हायची, पहिल्या दिवशी कुन्छू हे जुनं संगीतनाटक आणि पुढचे दोन दिवस पेकिंग ऑपेरा. प्रवेश निवडताना एक पथ्य कडक होतं: ज्यात कुणी मरतं किंवा अनौरस मूल येतं तो प्रवेश चालायचा नाही. चिनी भाषेत रेशमाला ‘स्स’ म्हणतात. ‘खासगी, चोरटं’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चार हुबेहूब तोच (अनौरस मुलाच्या चिनी नावात हाच शब्द येतो), आणि ‘मरणे’ याचाही तोच, फक्त सूर वेगळा. ऐन कोषांच्या हंगामात ‘मेलं’ हा शब्द रंगमंचावरून ऐकू येणं म्हणजे रेशीमच मेलं.

याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्याआधीचा महिना कसा जायचा ते पाहिलं की ही धास्ती कळते. अळ्या अंड्यातून निघाल्यापासून कोष विणेपर्यंत २५ ते ३० दिवस लागतात, मध्ये ४ वेळा कात टाकतात, आणि एकूण तुतीपाल्यातला बहुतेक पाला एकट्या शेवटच्या अवस्थेत फस्त होतो. ओला पाला पडला तर अळ्यांना हगवण लागते. रोग एका घरातून दुसऱ्या घरात माणसांबरोबर जातो. म्हणून त्या महिन्यात दारं बंद, पै-पाहुणे बंद, सरकारी वसुलीसुद्धा थांबायची. महिनाभर कोंडून घेतलेला मुलूख दारं उघडतो तेव्हा समोर हा चौक आणि ही नाटकं. व्यापाऱ्यांनी पैसा इथेच का ओतला, हे मला त्यातून स्पष्ट दिसतं: नवं रेशीम ज्यांच्या घरातून येणार, ते सगळे या चौकात जमणार.

शिवाय घड्याळ थांबत नाही. कोष विणायला घेतल्यापासून दोनेक आठवड्यांत पतंग कोष फोडून बाहेर येतो, आणि फुटलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही. तेवढ्यात सगळे कोष उकलणं अशक्य, म्हणून आतला किडा मारून ठेवायच्या तीन रीती होत्या: उन्हात वाळवणं, मिठाबरोबर मडक्यात थर देऊन तोंड लिंपणं, किंवा वाफवणं. जुने शेतीग्रंथ वाफेला पहिली पसंती देतात.

उकलायच्या आधी निवड. दोन अळ्यांनी मिळून विणलेला जोडकोष बाजूला काढायचा, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. तो रेशीमकापसाला जातो. मग कढई. पाण्यात खेकड्याच्या डोळ्याएवढे बुडबुडे येत राहावेत, अशी खूण सोंग राजवटीच्या काळापासून (१०वं ते १३वं शतक) लिहून ठेवलेली आहे. पाणी थंड पडलं तर धाग्यावरचा डिंक सुटत नाही, कोष उडी मारतो आणि धागा तुटतो. फार तापलं तर एकदम पुंजके सुटतात आणि गाठी येतात. १६३७ मधल्या एका तंत्रग्रंथात मापंही आहेत: तलम विणीच्या कापडासाठी एका वेळी २० कोष, डोक्याच्या रुमालाच्या रेशमाला १०हून थोडे जास्त. दिवसभर राबून एका माणसाचं काम ३० ल्यांग, म्हणजे १ किलोच्या थोडं वर. रुमालाचं बारीक रेशीम २० ल्यांगच.

त्याच ग्रंथातला दोन वेळा सुकवण्याचा मंत्र मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एक, ‘तोंडातून निघताच कोरडं’: अळी कोष विणत असताना मांडवाखाली विस्तव. दोन, ‘पाण्यातून निघताच कोरडं’: धागा गुंडाळायच्या चाकापासून ५ त्सुन, म्हणजे सुमारे १६ सेंटीमीटरवर ४-५ ल्यांग कोळशाचं भांडं. कारण साधं आहे. ओल्या धाग्यावरचा डिंक चाकावरच सुकला तर शेजारचे पदर चिकटतात, आणि पुढे लडी सोडवताना जागोजागी तुटतात. म्हणूनच चाकाला एक हलता दांडा असतो; तो धागा डावी-उजवीकडे नेत राहतो, पदर एकावर एक बसू देत नाही.

या बारकाव्यांची किंमत समुद्रापार मोजली जायची. शेजारच्या नानशुनजवळच्या जीली गावचं रेशीम युरोपात ‘त्साटली’ नावाने जाई. पुढे तिकडच्या यंत्रांना एकाच लडीतला जाड-बारीक धागा चालेना, म्हणून रेशीम पुन्हा गुंडाळून पाठवायची पद्धत आली. १९व्या शतकात मुंबई बंदरात उतरलेलं चिनी कच्चं रेशीम पुणे-येवल्याकडेही यायचं, आणि आपल्या रहाटकऱ्यांना, म्हणजे रहाटावर रेशीम गुंडाळणाऱ्यांना, आधी धाग्यांची जाडी पाहून ते वेगळं करत बसावं लागे.

श्रेणीचा वारसा सांगताना फक्त देवता आणि नाटकं सांगितली तर तो अर्धाच राहतो. सूचौ शहरात श्वानम्याओ ग्वान या ताओ मंदिरात मागवाल्यांचं एक दालन होतं. तिथे १७३४ मध्ये एक शिलालेख बसवला गेला. मागमालकांच्या अर्जावरून दिलेला हा सरकारी हुकूम: कारागिरांनी ‘काम थांबवा’ अशी हाक देऊन माग बंद पाडू नयेत, कायमची मनाई. मालक भांडवल घालतो आणि विणकर कामाप्रमाणे मजुरी घेतो, हे नातंही त्यात नोंदलं आहे. कायमची मनाई दगडावर कोरावी लागली, याचा अर्थ माग बंद पडत होते.

शेंगझला जायचं तर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जावं. श्याओमानची नाटकं आता पुन्हा होतात. आणि सूचौमध्ये एक दिवस राखून ठेवावा. १७३४चा तो दगड तिथल्या कन्फ्यूशियस मंदिरातल्या शिलालेख संग्रहालयात उभा आहे.