आजीची बुगडी आणि माझा अकरा महिन्यांचा कान

आजीच्या दागिन्यांतून माझ्या वाट्याला मोत्यांच्या बुगड्यांची एक जोडी आली. आईने ती कधी घातली नाही, कारण तिच्या पिढीत कानाच्या वरच्या कडेला भोक पाडण्याची पद्धत मागे पडली होती आणि लग्नकार्यापुरती चापाची बुगडी लावून भागत असे. मी मात्र चाळिशीच्या उंबरठ्यावर उजव्या कानाची वरची कड टोचून घेतली आणि त्यानंतरचे अकरा महिने शरीराच्या त्या एवढ्याशा तुकड्याने मला जे शिकवले, ते येथे लिहून ठेवत आहे.

आपल्याकडे कान टोचणे म्हटले की डोळ्यांसमोर येते ती कानाची खालची मऊ पाळी. बाळाच्या बाराव्या दिवशी सोनार घरी येतो, सोन्याच्या बारीक तारेचे टोक पाळीतून आरपार काढून तिथेच तिचे कडे वळवतो आणि बाळ रडून थांबेपर्यंत सुंकली कानात बसलेली असतात. आजी त्यावर हळद घातलेले कोमट खोबरेल लावते, तार रोज थोडी फिरवते आणि दीड-दोन महिन्यांत विषय संपतो. पाळी मऊ मांस आणि चरबीची असते, तिला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे साधारण सहा ते आठ आठवड्यांत ती भरून येते आणि घरगुती उपचारांचे गुणदोष सहसा कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

पाळीच्या वरचा जवळजवळ सगळा कान कूर्चेचा, म्हणजे लवचिक कार्टिलेजचा असतो आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण तिच्यावरच्या पातळ आवरणातून होते. या एका गोष्टीत पुढचे सगळे आले. रक्त कमी पोहोचते म्हणून जखम सावकाश भरते, आणि जंतू एकदा आत शिरले की त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी व औषधेही तिथे उशिराच पोहोचतात. कड टोचली तर ती पूर्ण भरायला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागू शकतो, हे मला आधी सांगितले गेले होते. पण मी ते दुकानदाराच्या सावधगिरीच्या भाषेत मोडणारे वाक्य समजले होते.

आता टोचण्याचे जे प्रकार मुली नावाने मागतात, त्यांतले बहुतेक कूर्चेतलेच आहेत. बाहेरची वरची कड म्हणजे हेलिक्स. आपली बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी याच भागातली, त्यामुळे हा प्रकार परदेशातून आला असे म्हणणाऱ्यांनी पेशवाईतली चित्रे एकदा नीट पाहावीत. कानाच्या छिद्रासमोरचा छोटा उंचवटा म्हणजे ट्रॅगस. तो टोचला की कानात खुपसायचे इअरफोन काही महिने विसरावे लागतात. मधला वाटीसारखा खोलगट भाग कॉन्च. छिद्राच्या अगदी वरची आतली घडी म्हणजे डेथ, ज्याचे नाव देवनागरीत वाचताना दचकायला होते, पण ते हिब्रूतल्या ‘ज्ञान’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. तिथे टोचल्याने अर्धशिशी थांबते असे सांगून तो खपवला जातो. त्याला भक्कम वैद्यकीय आधार नाही, तेव्हा आवडला तर दागिना म्हणून टोचावा. आणि एकाच दांडीने कडेची दोन भोके जोडणारा इंडस्ट्रियल मला मुळीच पटत नाही, कारण त्यात एकमेकींना बांधलेल्या दोन जखमा असतात आणि एकीला लागलेला धक्का दुसरीलाही बसतो.

‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण पाळीपुरती मला अजूनही मान्य आहे. कूर्चेसाठी मात्र पोकळ, धारदार, एकदाच वापरायची सुई आणि ती सराईतपणे चालवणारा हात हवा. बंदुकीसारखे यंत्र बोथट खिळा जोराने ठोकते आणि त्याचा प्लास्टिकचा सांगाडा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, घालून निर्जंतुक करता येत नाही. कॉलेजात असताना माझ्या एका मैत्रिणीने दागिन्यांच्या एका दुकानात अशा यंत्राने कड टोचून घेतली होती. चौथ्या दिवशी तिचा कान लालभडक आणि गरम झाला, वरचा भाग सुजून पुढे आला, पाळी मात्र जशीच्या तशी होती. कूर्चेच्या आवरणाच्या संसर्गाची हीच खूण असते. तो बहुधा सूडोमोनास नावाच्या जंतूमुळे होतो आणि त्याला साधी मलमे पुरत नाहीत. उशीर झाला तर कूर्चा मरते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो. ती वेळेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेली म्हणून निभावले.

माझे टोचणे दोन सेकंदांत झाले. पहिले तीन दिवस कान ठणकत होता आणि सूज आठवडाभर राहिली. सूज येणार हे गृहीत धरूनच सुरुवातीला लांब दांडी घालतात, आणि ती दीड-दोन महिन्यांनी बदलून आखूड करून घ्यावी लागते. हे अनेकांना कोणी सांगत नाही. मग लांब दांडी केसांत, ओढणीत अडकत राहते, भोक तिरके होते आणि दोष कानाला दिला जातो. माझी दांडी टायटॅनियमची, चपट्या बुडाची होती. थेट सोने का नको, असे आईने विचारले. बावीस कॅरट सोने मऊ असते आणि त्यावर पडणाऱ्या बारीक ओरखड्यांत घाण साचू शकते. टायटॅनियम कठीण असते आणि निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनाही सहसा त्रास देत नाही.

जखमेतून येणारी पांढरट-पिवळसर लस आणि तिची वाळलेली खपली पाहून मी पहिल्यांदा घाबरले, पण ती भरून येण्याचीच खूण होती. दाट, हिरवट, दुर्गंधी पू, वाढत जाणारी लाली, ताप ही लक्षणे वेगळी. ती दिसली तर दागिना स्वतःहून न काढता डॉक्टर गाठावा, कारण भोक वरून मिटले तर पू आत कोंडतो. एरवी करायचे ते फार थोडे. दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाईनचा, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचा, फवारा मारायचा आणि कान कोरडा करायचा. हळद, खोबरेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही लावायचे नाही. दांडी फिरवायचीही नाही, कारण फिरवल्याने नुकतीच तयार झालेली कातडी आत फाटते. हे आईला पटवणे जखम सांभाळण्यापेक्षा अवघड गेले.

पुण्यात खरा शत्रू हेल्मेट. चौथ्या महिन्यात, सगळे ठीक आहे असे समजून मी ते घाईने ओढून काढले आणि दुसऱ्या दिवशी भोकाशेजारी मोहरीएवढी लाल गाठ आली. केलॉइड, म्हणजे व्रणाची फाजील वाढलेली गाठ, झाले या भीतीने रात्र काढली. केलॉइड सहसा काही महिन्यांनी उगवते आणि जखमेची हद्द ओलांडून वाढत राहते. घरात कोणाला ते झाले असेल तर टोचण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. माझी गाठ घर्षणाची होती. हेल्मेट सावकाश, कान दाबून धरत काढायला लागले, मधोमध भोक असलेल्या उशीवर झोपले आणि सहा आठवड्यांत ती जिरली. पावसाळ्यात ओले केस तासन्‌तास बांधून ठेवल्यावर मात्र ती एकदा परत डोकावून गेली.

बाहेरून भोक तिसऱ्या महिन्यातच बरे दिसत होते. आतली कातडी मात्र अजून कोवळी होती आणि या टप्प्यावर दागिना बदलण्याचा मोह फार होतो. मी अकराव्या महिन्यापर्यंत थांबले. तोवर सोनाराकडून आजीच्या बुगडीची जाड दांडी बारीक करून घेतली आणि फिरकी नवीन बसवली. आता उजव्या कानात ती आहे. डाव्या कानाची तारीख मुद्दाम पुढे ठेवली होती, कारण दोन्ही कान एकदम टोचले असते तर झोपायला एकही कूस उरली नसती. आता पावसाळा संपला की त्याचा नंबर.