विमानात मी एवढी तुसडी का होते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एकदा नाही, दहादा विचारलंत. कुणी फोनवर, कुणी दुसऱ्याकरवी, तर कुणी विमानातून उतरता उतरता तोंडावरच: ‘‘एरवी एवढी बडबडी तू, हेडसेट घातला की अंगावर का येतेस?’’ आजवर मी ‘‘नियम आहे’’ म्हणून वेळ मारून नेली. ते काही खरं नव्हतं.

नियम आहे, पण तो विमान कंपन्यांसाठीचा. १९७४ साली अमेरिकेतल्या शार्लटला धुक्यात उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाचे वैमानिक राजकारण आणि जुन्या गाड्यांवर गप्पा मारत राहिले आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. असे अपघात पाहून १९८१ मध्ये तिथे ठरलं, की १०,००० फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही. मी चालवते त्या चार सीटच्या छोट्या सेस्ना विमानाला तो नियम लागू नाही. लागू केला तर चढल्यापासून उतरेपर्यंत मौनच, कारण १०,००० फुटांवर मी जाते कुठे?

खरं कारण म्हणजे ताईचं दार.

त्या दिवसाबद्दल तुम्ही सगळे एकच धरून चालता, की मला टॉवरचं, म्हणजे विमानतळावरून सूचना देणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकू आलं नसावं. तसं समजलात तर मला बरंच पडतं, म्हणून मीही कधी दुरुस्त केलं नाही. पण मला ऐकू आलं होतं.

आम्ही टॅक्सी करत होतो, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेत होतो. पुढे धावपट्टी आडवी होती. टॉवरने सांगितलं, रनवे टू सेव्हनच्या अलीकडे थांबा. त्याच क्षणी ताई म्हणाली, ‘‘अगं, माझं दार नीट लागलेलं नाहीये.’’ टॉवरचा आवाज आणि ताईचा आवाज, दोन्ही एकाच हेडसेटमधून, एकाच कानात. मी टॉवरला उत्तर दिलं, ‘‘होल्ड शॉर्ट रनवे टू सेव्हन,’’ शेवटी आपला कॉल साइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नावही जोडलं. आणि ते बोलत असतानाच उजवीकडे वाकून ताईच्या मांडीवरून हात घालून दाराची कडी ओढू लागले. ती अडत होती, कारण ताईच्या पट्ट्याचं टोक दारात अडकलं होतं. पट्टा आत ओढला, दार पुन्हा आपटलं, कडी बसली. ‘‘झालं बघ,’’ म्हणत मान वर केली.

टॅक्सीचा वेग दहा नॉट धरा, म्हणजे सेकंदाला साधारण पाच मीटर. मी चारपाच सेकंद दाराशी झटत होते. थांबायच्या पिवळ्या रेघा मागे गेल्या होत्या, लाल पाटीवरचे पांढरे आकडेही.

टॉवरचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. आधी उतरायला येणाऱ्या दुसऱ्या विमानाला, ‘‘गो अराउंड’’, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर जा. मग मला, आहात तिथेच थांबा. मी ब्रेकवर दोन्ही पाय रोवले. उतरायला आलेलं ते विमान इंजिनाचा पूर्ण जोर लावून आमच्यासमोरून वर गेलं. त्याच्या पोटावरचा तेलाचा काळा ओघळ मला दिसला. ताई म्हणाली, ‘‘किती जवळून गेलं गं!’’ तिला ते छान वाटलं होतं.

नंतर टॉवरच्या माणसाने मला ध्वनिमुद्रण ऐकवलं. आवाज माझाच, स्वच्छ, ठाम. एका शब्दाची चूक नाही. मी चुकीचं बोलले असते तर त्याने तिथल्या तिथे पकडलं असतं. आपण सूचना परत म्हणून दाखवतो ती त्याचसाठी. मी बरोबर बोलले म्हणून तो निर्धास्त झाला आणि दुसऱ्या विमानाकडे वळला. सूचना कानातून थेट तोंडात गेली, पायांपर्यंत पोचलीच नाही.

आणि दार! उडताना दार उघडलं तरी सेस्ना पडत नाही. फट राहते, वारा घुसतो, आवाज होतो. हे मी स्वतः शिकाऊ मुलांना सांगत आले होते: आधी विमान सांभाळा, दार नंतर.

तेव्हाची मी म्हणायचे, दोन कानांनी दोन गोष्टी ऐकता येत नसतील तर वैमानिक व्हावंच कशाला? खाली दिसणाऱ्या गोष्टी पाहुण्यांना दाखवत दाखवत मी रेडिओवर बोलायचे आणि त्याचा मला तोरा होता. तिच्याशी मी अजून भांडते. ती म्हणते, शेकडो वेळा जमलं की. जमलं, हे खरंच आहे. त्याला काय उत्तर द्यायचं?

मोठमोठ्यांचं असं होतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालते. १९७२ च्या डिसेंबरात मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या विमानाचे वैमानिक पुढच्या चाकाच्या न लागणाऱ्या दिव्यात गुंतले आणि विमान हळूहळू खाली येत दलदलीत गेलं. १०१ माणसं गेली. रडारवर उंची ९०० फूट दिसल्यावर कंट्रोलरने उंचीचं नाव न घेता, तिकडे कसं काय चाललंय, एवढंच विचारलं. हे सांगितलं की ऐकणारे हळहळतात आणि माझा विषय बाजूला पडतो. मी ते सांगते त्याचसाठी, हेही कबूल करते.

ताईचा काही दोष नव्हता. हे मी दरवेळी म्हणते, आणि दरवेळी मनात कुठेतरी वाटतं, दोन सेकंद थांबली असती तर. ती का म्हणून थांबेल? तिला कुणी सांगितलं होतं?

म्हणून आता मी सांगते. इंजिन सुरू झालं की मी हात वर केला तर तोंड बंद. इंटरकॉमवर तुम्हाला तोडायचं बटण आहे, तेही वापरते. मग तुम्ही खांद्यावर टकटक करता, आणि मी खेकसते.

आता हे पुढचं तुम्ही विचारलेलं नाही. गेल्या खेपेला भाचा शेजारी होता. उतरायची तयारी, फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत वळायचं होतं, मी रेडिओवर. त्याने उजवीकडे बोट दाखवलं. मला वाटलं नदी दाखवतोय. मी हात वर केला. तो गप्प बसला. वळताना मला ते दिसलं: आमच्याच उंचीवर, उजवीकडून येणारं दुसरं विमान. वळण सोडून मी लांब निघून गेले.

खाली उतरल्यावर विचारलं, बोलला का नाहीस?

‘‘मावशी, तू हात वर केला होतास ना.’’