बोस्टनची लाल रेघ आणि स्वस्त झालेला चहा

बोस्टनला जायचं ठरलं तेव्हा तिथल्या इतिहासातली मला एकच गोष्ट माहीत होती, शाळेच्या पुस्तकातली टी पार्टी, आणि तीसुद्धा चुकीची माहीत होती हे तिथे गेल्यावर कळलं. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की इंग्रजांनी चहा महाग केला, लोक भडकले आणि चहा समुद्रात फेकला. आणि तो चहा अर्थातच आपल्याकडचा, आसाम नाहीतर दार्जिलिंग. दोन्ही चूक. पण ते पुढे येईलच.

दादा बोस्टनपासून तासाभरावर राहतो. ऑक्टोबरमधला शनिवार होता, दादाला ऐनवेळी ऑफिसचं काम निघालं म्हणून मी, नवरा आणि अकरा वर्षांचा भाचा असे तिघंच निघालो. वहिनीने थर्मासमधे आलं घातलेला चहा भरून दिला, "तिकडचा तुम्हाला चालायचा नाही" म्हणाली. मी नवीन बूट घालून निघाले हा माझा गाढवपणा, त्याचं फळ दुपारपर्यंत टाचेवर आलंच.

पार्क स्ट्रीट स्टेशनातून वर आलं की समोर बोस्टन कॉमन, १६३४ सालापासूनचं मैदान. इथून फुटपाथवर लाल विटांची एक रेघ सुरू होते, ती धरून चालत राहायचं, साधारण चार किलोमीटर आणि सोळा ठिकाणं. हाच तो फ्रीडम ट्रेल, अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याशी जोडलेली ठिकाणं दाखवणारी वाट. तिकोनी टोपी आणि जुन्या काळचा कोट घातलेले गाईड पुढे आणि त्यांच्यामागे पंचवीस-तीस माणसं, लांबून अगदी दिंडी वाटते. आम्ही गाईड घेतला नाही, भाचा आहे ना, त्याच्या शाळेत हे सगळं झालंय आणि तो न विचारता सांगतो.

ग्रॅनरी नावाच्या जुन्या दफनभूमीत मात्र आम्ही अर्धा-पाऊण तास काढला. कवट्या आणि पंख कोरलेले काळपट दगड, वर लालपिवळी झाडं. स्वातंत्र्यलढ्यातले सॅम्युअल ॲडम्स, जॉन हॅनकॉक, पॉल रिव्हिअर सगळे इथेच पुरलेले. लोक दगडांवर नाणी ठेवून जातात. एका दगडावर ५ मार्च १७७० च्या ब्रिटिश शिपायांच्या गोळीबारात मेलेल्या पाच जणांची नावं आहेत आणि त्यांच्याखाली एका मुलाचं नाव, ख्रिस्तोफर सायडर. हा त्या पाच जणांच्याही अकरा दिवस आधी गेला. तेव्हा बोस्टन इंग्रजांची वसाहत, त्यांनी लादलेल्या करांच्या निषेधात ब्रिटिश मालावर बहिष्कार चालू होता आणि जो दुकानदार बहिष्कार मोडेल त्याच्या दारात पोरं जमून आरडाओरडा करायची. अशाच एका दुकानासमोरचा गोंधळ थांबवायला कस्टमवाल्यांचा एक खबऱ्या मधे पडला, पोरं त्याच्याच घरापर्यंत मागे गेली, दगड मारले, काचा फुटल्या आणि त्याने खिडकीतून बंदूक झाडली. मुलगा अकरा-बारा वर्षांचा. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले होते म्हणे. भाचा एवढा वेळ बडबडत होता तो इथे गप्प झाला, मग हळूच म्हणाला, "आत्या, हा माझ्याएवढा होता." मी काही बोलले नाही.

पुढे ओल्ड साऊथ मीटिंग हाऊस, म्हणजे सभा भरायच्या ते जुनं चर्च, लागतं पण भाच्याला भूक लागलेली, म्हणून ते ओलांडून आधी सँडविच आणि मग ओल्ड स्टेट हाऊस, इंग्रजांच्या काळातलं सरकारी कार्यालय. १७१३ ची विटांची इमारत, चारी बाजूंनी काचेचे टॉवर, ही मधे खेळण्यासारखी दिसते, आणि गंमत म्हणजे हिच्या तळघरातूनच मेट्रो स्टेशनात उतरता येतं. छपरावर सिंह आणि युनिकॉर्न, म्हणजे राजाची खूण. मूळचे दोन्ही १७७६ मधे इथल्या बाल्कनीतून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला त्या दिवशी लोकांनी खाली उतरवून जाळले, आत्ताचे नंतर बसवलेत. इतकं भांडून परत सिंह कशाला बसवला, असं नवऱ्याने विचारलं, त्याचं उत्तर भाच्याकडेही नव्हतं. त्यावर कडी म्हणजे १९७६ मधे खुद्द एलिझाबेथ राणी येऊन त्याच बाल्कनीतून भाषण करून गेली.

गोळीबार या बाल्कनीसमोरच झाला, जमिनीत दगडांचं एक वर्तुळ आहे तिथे. मला वाटलेलं की मोठा मोर्चा वगैरे असेल. तर तसं काही नाही. १७६८ पासून शहरात सैन्य आणून ठेवलेलं, पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव आणि त्यात लाल कोटवाले शिपाई, पगार कमी म्हणून सुट्टीच्या वेळात दोरखंडाच्या कारखान्यात वगैरे कमी पैशात कामं करणार, म्हणजे इथल्या मजुरांच्या पोटावर पाय. त्यावरून तीनच दिवस आधी जोरदार हाणामारी झालेली. ५ मार्चला रात्री विग बनवणाऱ्याकडचा एक पोरगा एका अधिकाऱ्याला टोमणा मारतो की माझ्या मालकाचे पैसे बुडवले (खरं तर त्याने ते चुकते केले होते!), पहाऱ्यावरचा शिपाई त्या पोराला बंदुकीचा दस्ता हाणतो, लोक जमतात, चर्चच्या घंटा वाजायला लागतात, बर्फाचे गोळे, काठ्या, शिव्या, आणि मग गोळ्या. पाच मेले. पहिलं नाव क्रिस्पस ॲटक्स, काळा आणि मूळनिवासी अशा दोन्ही वंशांचा खलाशी.

पॉल रिव्हिअरने महिन्याच्या आत याचं चित्र छापून विकायला काढलं. त्यात शिपाई शिस्तीत ओळीने उभे, मागे अधिकारी हुकूम देतोय आणि समोर गरीब बिचारे लोक. आणि मूळ चित्र दुसऱ्याच चित्रकाराचं, हेन्री पेल्हॅमचं, याने ते उचललं. थोडक्यात त्या काळचं व्हॉट्सॲप फॉरवर्ड. याच्या उलट जॉन ॲडम्स, जो पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला, त्याने कोर्टात या शिपायांचं वकीलपत्र घेतलं आणि त्यांचा कॅप्टन सुटला, आठातले सहा शिपाईही सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाखाली अंगठ्यावर डाग देऊन सोडलं. मला हा माणूस त्या सगळ्यांत जास्त आवडला.

आणि चटका लावणारी गोष्ट अशी की त्याच ५ मार्चला तिकडे लंडनच्या संसदेत नवे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ काच, कागद, रंग, शिसं यांच्यावरचे कर मागे घ्यायचा प्रस्ताव मांडत होते. बातमी जहाजाने यायला कित्येक आठवडे. फक्त एक कर मुद्दाम ठेवला, आमचा कर लावायचा हक्क आहे हे दाखवायला. चहावरचा.

आता चहाकडे वळते. आम्ही परत मागे जाऊन ओल्ड साऊथमधे शिरलो. आत पांढऱ्या लाकडी बाकांच्या चौकटी, उंच खिडक्या, एकदम शांत. नंतर ब्रिटिश सैन्याने चिडून इथले बाक उखडून घोडेस्वारीची शाळा केली होती म्हणे. १६ डिसेंबर १७७३ ला इथे पाचेक हजार माणसं जमलेली, म्हणजे शहरातला दर तिसरा माणूस म्हणा ना. आणि इथेच माझी शाळेतली समजूत मोडली. १७७३ च्या चहाच्या कायद्याने चहा महाग झाला नव्हता, स्वस्त झाला होता! ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडालेली, लंडनच्या गोदामांत चहा पडून, म्हणून तिला परवानगी दिली की लंडनच्या लिलावाची भानगड नको, थेट अमेरिकेत विका. एक पौंड वजनामागे तीन पेन्सचा तो जुना कर भरूनही हा चहा डच तस्करीच्या चहापेक्षा स्वस्त पडणार होता. विक्रीचा हक्क ठराविक व्यापाऱ्यांना, त्यात गव्हर्नर हचिन्सनची दोन मुलं. त्यामुळे बाकीचे व्यापारी आणि तस्कर पेटले, हेही खरंच, सगळे काही साधुसंत नव्हते. पण सामान्य माणसाचं म्हणणं सरळ होतं की संसदेत आमचा एकही माणूस नाही, तर आमच्या खिशात हात घालणारे तुम्ही कोण, आणि स्वस्त करून का होईना तुम्ही तो हक्क आमच्या गळी उतरवताय. आपल्याकडे एखाद्या सोसायटीत मेंटेनन्स कमी करून परस्पर नियम बदलले तर जशी मीटिंग होईल तशी ती मीटिंग, फक्त पाच हजार लोकांची.

चहा घेऊन आलेल्या एका जहाजाचा मालक बिचारा गव्हर्नरकडे परवाना मागायला गेलेला, माल न उतरवता परत जाऊ द्या म्हणून. तो अंधार पडल्यावर नकार घेऊन आला आणि सभा संपली ती बंदरावरच.

बंदराचा तो मूळ धक्का आता भराव टाकून गायब झालाय. जवळच काँग्रेस स्ट्रीटच्या पुलाला लागून जहाजांच्या प्रतिकृती आणि म्युझियम आहे, तिकीट जरा महाग आहे पण मुलं असतील तर जा. भाच्याने चहाची खोटी पेटी उचलून जोरात पाण्यात फेकली, सगळे ओरडले, आणि मग पेटीला बांधलेल्या दोरीने ती परत वर ओढून घेतली, पुढच्या बॅचला लागणार ना. खऱ्या रात्री ३४२ पेट्या होत्या, वजन ९२,००० पौंडांच्या वर, म्हणजे जवळपास ४२ टन चहा, तीन जहाजांवरून तीन तासांत. ओहोटी होती म्हणून चहाचे ढीग साचले आणि ते पाण्यात ढकलावे लागले. एकाने कोटाच्या अस्तरात चहा लपवला तर त्याचे कपडे फाडून चोप दिला. आणि तो चहा सगळा चीनचा, बोही, काँगू वगैरे, आसामच्या चहाचा धंदा सुरू व्हायला अजून साठेक वर्षं होती.

मी ठाण्याची, त्यामुळे तारीख वाचून डोक्यात वेगळीच घंटा वाजली. या रात्रीला वर्ष होतंय तोच, डिसेंबर १७७४ मधे, याच कंपनीच्या मुंबईवाल्यांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. आज तिथे सेंट्रल जेल आहे आणि मी रोज रिक्षाने त्याच्यासमोरून जाते. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "इथले सुटले, आपल्याकडे आले."

म्युझियमच्या टी रूममधे फेकलेल्या पाचही प्रकारचा चहा चाखायला मिळतो, एकाला तर चक्क चुलीच्या धुराचा वास. नवऱ्याने दूध मागितलं, मी त्याला टेबलाखालून पाय मारला. बाहेर येऊन पुलाच्या कठड्याशी उभं राहून वहिनीचा थर्मास उघडला तेव्हा कुठे बरं वाटलं. बूट काढून टाचेला चिकटपट्टी लावत होते तेवढ्यात भाच्याने विचारलं, मग चहाचे पैसे भरले का त्यांनी? म्हटलं, लंडनच्या संसदेने १ जून १७७४ पासून अख्खं बंदर बंद केलं, कंपनीची भरपाई करा मग उघडू म्हणाली, साडेनऊ हजार पौंडांच्या वरचा प्रश्न होता.

"आणि मग?"

"नाही भरले."

"बंद बंदर तसंच?"

"तसंच. दुसऱ्या वसाहतींनी धान्य पाठवलं, मेंढ्या पाठवल्या, पण पैसे कोणी भरले नाहीत."

त्याने थोडा विचार केला, थर्मासचं झाकण पुढे केलं आणि म्हणाला, "उरला असेल तर मला पण दे ना थोडा, आईला सांगू नकोस."