आमची वाटचाल : जखमेची कड

नाटक-चित्रीकरणासाठी नकली जखमा तयार करणाऱ्या आमच्या संस्थेची सुरुवात कोल्हापुरात दाढी-मिशा चिकटवण्यापासून झाली. हौशी नाट्यसंस्थांच्या प्रयोगांना रंगभूषेची पेटी घेऊन जायचे आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या हंगामात रात्री जागून काढायच्या, एवढाच तेव्हा आमचा पसारा होता. जखम दाखवायची म्हणजे कपाळावरून तांबड्या रंगाचा एक ओघळ काढायचा, अशी आमची समजूत होती आणि दहाव्या रांगेतील प्रेक्षकाची त्याला हरकतही नसे. पहिली मालिका मिळाली, तेव्हा दिग्दर्शकांनी मॉनिटरकडे पाहून ‘हा गुलाल आधी पुसा’ असे सांगितले आणि आम्ही खऱ्या अर्थाने शिकायला बसलो.

आमचे पहिले गुरू रंगभूषाकार नव्हते, तर ओळखीचे एक सर्जन होते. मुका मार आधी लालसर असतो, मग जांभळा-निळा होतो आणि काही दिवसांनी हिरवट-पिवळा पडतो, कारण त्वचेखाली साकळलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन होऊन प्रथम बिलिव्हर्डिन हे हिरवे आणि नंतर बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते, हे त्यांनी समजावले. तेव्हापासून ब्रश उचलण्यापूर्वी आम्ही लेखकाला विचारतो, की कथेत मार लागून किती दिवस झाले आहेत. (बहुतेक वेळा लेखकाने याचा विचारच केलेला नसतो.) कातडीवर चिकटवायची नकली जखम मधोमध कितीही हुबेहूब असली, तरी तिची कड कातडीत विरली नाही तर सगळे फुकट जाते, ती कड कागदाहून पातळ करण्यात आमची पहिली दोन वर्षे गेली.

नुकसानही भरपूर झाले. साच्यात ओतून जखम बनवायचे महागडे प्लॅटिनम सिलिकॉन (कालवल्यावर रबरासारखे घट्ट होणारे द्रव्य) आम्ही लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे, हातमोजे घालून कालवले आणि दुसऱ्या दिवशीही साच्यात चिकट लगदाच होता, कारण लॅटेक्समधील गंधक ते सिलिकॉन घट्टच होऊ देत नाही. मे महिन्यातील एका बाह्यचित्रणात जिलेटिनची जखम उन्हाने आणि घामाने नायकाच्या गालावरून ओघळत मानेपर्यंत आली. रक्तासाठी परदेशी कृतींत सांगितलेले कॉर्न सिरप इथे मिळेना, म्हणून मिठाईवाल्यांकडचे लिक्विड ग्लुकोज आणि खाण्याचे रंग वापरले. रक्त छान जमले, पण धोतरांवरचे डाग निघाले नाहीत आणि त्यांची भरपाई आम्हीच केली.

आज आमचे निम्मे काम चित्रीकरणाबाहेरचे आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या रंगीत तालमींसाठी आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी आम्ही जखमी ‘रुग्ण’ तयार करतो. तिथे कॅमेरा नसला, तरी समोरच्या माणसाला कोणाला आधी उचलायचे हे जखम पाहूनच ठरवायचे असते, त्यामुळे धमनीतील लालभडक आणि शिरेतील काळपट रक्तात गफलत चालत नाही. लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते, म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकाच्या मनगटावर थेंब लावून पाहिल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही.

भाजलेल्या जखमेचा ओलसर तकाकी असलेला पृष्ठभाग दिवसभराच्या चित्रीकरणात टिकवणे मात्र आम्हाला अजून जमलेले नाही. दर तासाला ग्लिसरीनचा हात फिरवावाच लागतो.